रेघा कोणीं ओढल्या?

गेल्या वैशाखांतील गोष्ट. रात्रीं साडेआठाचा सुमार असेल. बोरिवलींतील आमच्या इमारतीची, आणि तिच्याबरोबर आसपासच्या सर्व गल्ल्यांची वीज एकाएकीं गेली. पंखे थांबल्यावर घरांत बसणें अशक्य झालें. म्हणून आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही गच्चीवर गेलों. उपनगरांत राहणाऱ्या मनुष्याला आकाश म्हणजे दिव्यांच्या पिवळट धुरकटांत बुडालेलें एक छतच वाटत असतें. त्या रात्रीं मात्र अर्धा तास तें आपल्या मूळच्या काळ्या रंगाचें झालें होतें आणि उत्तरेकडे सप्तर्षि स्वच्छ दिसत होते. आपल्या अंगच्या तुटपुंज्या ज्योतिर्विद्येचें प्रदर्शन करण्यास अशी संधि पुन्हां कधीं यावयाची, असा विचार करून आम्हीं नातवाला एकेक ऋषि बोटानें दाखविला: हा क्रतु, हा पुलह, हा पुलस्त्य, हा अत्रि, हा अंगिरस, हा वसिष्ठ, त्याच्या कुशीला ती बारीक अरुंधती, आणि हा शेवटच्या टोकाला मरीचि. मुलानें सर्व मुकाट्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आजोबा, पण रेघा कुठें आहेत?"

त्याच्या सचित्र पुस्तकांत ताऱ्याताऱ्यांना जोडणाऱ्या पांढऱ्या रेघा काढलेल्या होत्या, आणि त्या वर दिसत नाहींत याचा त्याला विस्मय वाटत होता. रेघा आकाशांत नसतात, त्या माणसांनीं ओढलेल्या असतात, असें आम्हीं त्याला समजावून सांगितलें. त्यावर त्यानें, "मग चुकीच्या ओढल्या असल्या तर?" असें विचारलें. सुदैवानें तेवढ्यांत वीज आली आणि आमची सुटका झाली. आकाश पुन्हां नाहींसें झालें, पण प्रश्न राहिला. तो आम्हांला विशेष झोंबला याचें कारण असें कीं त्याच दिवसांत आमच्या मेजावर एक अर्धा लिहिलेला लेख पडला होता, आणि त्यांत आम्हीहि कांहीं ठिपके जोडण्याच्याच उद्योगांत होतों. त्या लेखाकडे आम्ही शेवटीं वळूं.

सप्तर्षि आपल्याला ऋषि वाटतात, कारण लहानपणीं तसें आपल्याला सांगितलेलें असतें. विदर्भांतील गोंड लोकांना त्याच ताऱ्यांत एक खाट दिसते. चौकोनाचे चार तारे हे खाटेचे चार पाय, आणि मागचे तीन तारे हे ती खाट चोरावयास आलेले तीन चोर. म्हणजे लग्नांत ज्या वसिष्ठाची अरुंधती आपण नवऱ्या मुलीला दाखवितों, तोच वसिष्ठ तेथें अंगिरस आणि मरीचि यांना बरोबर घेऊन खाटेवर टपून बसला आहे! अशा वेळीं, दोन्हीं चित्रें सारखींच खरीं आणि सारखींच खोटीं, असें म्हणून मोकळें व्हावेंसें वाटतें. परंतु शास्त्र येथें एक मौजेची अडचण उभी करतें. १८६९ सालीं रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज ज्योतिर्विदानें ताऱ्यांच्या गतींचीं मापें ताडून पाहिलीं. त्यावरून असें दिसून आलें कीं या सातांपैकीं मधले पांच तारे, एका दिंडींतील वारकऱ्यांप्रमाणें, एकाच दिशेनें बरोबर चालले आहेत. हे पांचहि आपल्यापासून सुमारें ८० प्रकाशवर्षें दूर असून त्यांचा जन्महि एकत्रच झाला असावा असें आज मानतात. टोकांचे दोघे, क्रतु आणि मरीचि, हे मात्र परके. मरीचि १०० प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे, क्रतु सव्वाशेंच्या जवळपास आहे, आणि दोघांचीहि वाट निराळी आहे.

ज्या अज्ञात पूर्वजानें हे सात तारे प्रथम एका मोळींत बांधले त्याचा अंदाज, याप्रमाणें, सातांत पांच खरा ठरला. केवळ डोळ्यांच्या भरंवशावर केलेल्या कामांत हें यश थोडें नव्हे. पण खरे पांच कोणते आणि उपरे दोन कोणते, हें डोळ्यांना कळण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं कोणीतरी मोजावें लागलें.

हीच कसोटी जमिनीवरील अवशेषांना लावून पाहावी असें आमच्या मनांत आलें, आणि त्यासाठीं दूर जाण्याची जरूरी नव्हती. बोरिवलीच्या पश्चिमेस एक्सर नांवाचें जुनें गांव आहे. आतां तें इमारतींत मिसळून गेलें आहे. तेथें मध्ययुगीन वीरगळ आहेत, आणि १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्यांचें सविस्तर वर्णन आलें आहे. माणसाहून उंच असे हे दगड थराथरांनीं कोरलेले आहेत. त्यांपैकीं कांहींवर खालच्या थरांत वल्ह्यांचीं जहाजें एकमेकांवर चालून जात आहेत, वरच्या थरांत पडलेले वीर स्वर्गास पोंचले आहेत, आणि माथ्यावर कलश आहे. वीरगळ आपल्याकडे गांवोगांवीं आढळतात, पण समुद्रावरील लढाई दाखविणारे वीरगळ फार विरळा. हे लढणारे कोण आणि लढाई कोणती, हें सांगणारा वाचतां येण्याजोगा लेख मात्र या दगडांवर नाहीं.

दुसरा ठिपका एका ग्रंथांत आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें राजप्रशस्तींत असें नमूद केलें आहे कीं कोंकणचा राजा सोमेश्वर हा महादेव यादवाच्या धाकानें समुद्रांत बुडाला. महादेवाची कारकीर्द १२६१ ते १२७१ अशी आहे, आणि सोमेश्वर हा उत्तर कोंकणच्या शिलाहारांतला शेवटचा राजा. कांहीं विद्वानांनीं हे दोन ठिपके जोडले आणि एक्सरचे दगड हे १२६५ च्या सुमारास झालेल्या त्या शेवटच्या आरमारी युद्धाचें स्मारक असावें असें अनुमान काढलें. रेघ मोठी सुंदर आहे. ती ऐकून आम्ही त्या दगडांपुढें उभे राहिलों तेव्हां आम्हांला स्वतःला त्या गर्दींत सोमेश्वराचें जहाजसुद्धां ओळखूं येऊं लागलें. परंतु ग्रंथांत एक्सरचें नांव नाहीं आणि दगडावर सोमेश्वराचें नाहीं. दगडांच्या काळाविषयींहि सर्वांचें एकमत नाहीं. रेघ संभवनीय आहे, ती पुसून टाकावी असें आम्ही म्हणणार नाहीं. ती तुटक काढावी, इतकेंच आमचें म्हणणें.

तारे आणि अवशेष यांना एकत्र जोडण्याचा सर्वांत भव्य प्रयोग आपल्याकडे लोकमान्य टिळकांनीं केला. वसंतसंपात नक्षत्रांतून हळूहळू मागें सरकतो आणि एक नक्षत्र ओलांडण्यास त्याला सुमारें ९५५ वर्षें लागतात. हें गणित आहे, यांत वाद नाहीं. वैदिक वाङ्मयांत मृगशीर्षाविषयीं ज्या कथा आणि जीं वचनें विखुरलेलीं आहेत त्या, संपात त्या नक्षत्रांत असतांनाच्या आठवणी होत, असें टिळकांनीं १८९३ च्या 'ओरायन' ग्रंथांत प्रतिपादिलें, आणि त्या वाङ्मयाचा काळ ख्रिस्तपूर्व चार हजार वर्षें व त्याच्याहि मागें नेला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत अशा अर्थाच्या शतपथब्राह्मणांतील वचनावरून, ख्रिस्तपूर्व तीन हजारांच्या आसपासचा काळ काढला. आकाशाचें घड्याळ बिनचूक आहे. परंतु तें वचन लिहिणारा घड्याळाकडेच बोट दाखवीत होता कीं आणखी कशाकडे, हें ठरविणारे आपण आहों. गणित मान्य करणारे पंडितहि निष्कर्षाविषयीं वाद घालतात, तो एवढ्याचसाठीं.

उलट, कोणत्याहि रेघेला दाद न देणारा एक अवशेष आमच्या शेजारीं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचीं शंभरावर बौद्ध लेणीं आहेत. त्यांपैकीं ९० व्या लेण्यांत पहलवी लिपींतील लेख कोरलेले आहेत. इ. स. १००९ मध्यें दोनदां आणि १०२१ मध्यें पुन्हां एकदां कांहीं जरथुश्त्री मंडळी या डोंगरावर आली. त्यांनीं यज्दगर्दी शकाचें वर्ष लिहिलें, महिना व दिवस लिहिला, आपलीं आणि आपल्या वडिलांचीं नांवें लिहिलीं, आणि तीं निघून गेलीं. बौद्धांच्या लेण्यांत तीं कां आलीं, दर्शनाला, मुक्कामाला, कीं नुसती हवा खावयाला, याविषयीं एक अक्षर नाहीं. तरुणपणीं या लेखांवरून एक कादंबरी रचण्याचा आम्हीं घाट घातला होता. तींत वादळ, फुटलेलें गलबत, वृद्ध भिक्षु, सर्व कांहीं होतें. ती पुरी झाली नाहीं, हा वाचकांवर आमचा एक उपकारच समजावा. हजार वर्षें लोटलीं; त्या माणसांनीं स्वतःविषयीं जेवढें सांगितलें तेवढेंच आज आपल्याला ठाऊक आहे, आणि तेवढें पुरतें खरें आहे.

आतां आमच्या त्या अर्ध्या लेखाकडे वळूं. आमचे एक काका वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ११ ऑगस्ट १९४२ रोजीं, अंधेरीच्या आमच्या बिऱ्हाडांतून निघून गेले ते परत आले नाहींत. त्यांची पत्र्याची ट्रंक मागें राहिली. तींतील वस्तु सात असत्या तर हा निबंध फार देखणा झाला असता. परंतु त्या सहा आहेत. एक खादीची टोपी. एक चष्म्याचें घर. कोणत्याहि कुलपाला न लागणारी एक किल्ली. अंधेरी ते ग्रँट रोड असा त्या ऑगस्टचा आगगाडीचा पास. १९४३ च्या फेब्रुवारींत आलेलें, प्रकृति चांगली आहे, चिंता नसावी, एवढाच मजकूर असलेलें एक पोस्टकार्ड. आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीनें लिहिलेले फक्त आंकडे आहेत: चार, दोन, तीन, चार.

बेचाळीसच्या लढ्याचा इतिहास वाचलेल्यांना हे आंकडे ओळखीचे वाटतील. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्तपणें चालविलेला काँग्रेस रेडिओ ४२·३४ मीटर या लहरीवर बोलत असे. ऑगस्टच्या अखेरीस तो सुरू झाला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तो पकडला. आतां ठिपके पाहा. खादीची टोपी, ग्रँट रोडचा पास, आणि त्या स्टेशनाहून चालत जातां येईल इतक्या अंतरावर गवालिया टँकचें मैदान, आणि शेवटीं ४२·३४. काका रेडिओचे होते, ही गोष्ट आमच्या घरांत तीन पिढ्या चालत आली आहे. शाळेंत असतांना तिच्या जोरावर आम्हीं मित्रांवर पुष्कळ छाप पाडली. काकांची धाकटी बहीण, आमची आत्या, आज पंचाण्णवाच्या घरांत असून मुलुंडला राहते. ट्रंक तिच्याजवळ असते, आणि दर वर्षीं ११ ऑगस्टला ती तिच्यावर एक फूल ठेवते.

उपनगरांतील एका मंडळानें स्थानिक स्वातंत्र्यसैनिकांविषयीं पुस्तिका काढण्याचें योजिलें आणि काकांवर लिहिण्याची आम्हांला विनंति केली. आम्हीं आत्याकडून ट्रंक आणून लेख लिहावयास घेतला; तो अर्ध्यावर आला असतां गच्चीवरील प्रश्न आडवा आला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती चिठ्ठी प्रथमच भिंगाखालीं धरली. बेचाळीसच्या पुढें टिंब नव्हतें. आडवी रेघ होती. तीन आणि चार यांच्यामध्यें आणखी एक, फार फिकट झालेली. ४२–३–४. बेचाळीस रुपये, तीन आणे, चार पै. आकाशांत नसलेल्या रेघा ज्याला सहज दिसतात, त्याला कागदावर असलेल्या दोन रेघा इतकीं वर्षें दिसूं नयेत!

मग आम्हीं आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. वडिलांनीं त्या जपून ठेवल्या होत्या, पण त्यांविषयीं ते कधीं बोलले नाहींत आणि आम्हींहि त्या कधीं उघडल्या नाहींत. जुलै १९४२ च्या पानावर आत्याच्या विषमज्वराचा खर्च मांडलेला होता आणि त्याखालीं डॉक्टरांची बाकी होती: ४२–३–४. पुढें ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी या महिन्यांत काकांकडून आलेल्या पंधरा-पंधरा रुपयांच्या तीन मनिऑर्डरी जमा होत्या. तिसरीच्या खालीं आजोबांच्या वळणदार अक्षरांत, डॉक्टरांचें देणें फिटलें, अशी नोंद होती. त्यानंतर काकांचें नांव वहींत येत नाहीं. काका घरीं असतांना ग्रँट रोडजवळ एका दुकानांत कारकून होते, हेंहि त्याच वहीवरून कळलें. तेव्हां पास नेहमींचाच होता. आणि खादीची टोपी त्या काळीं कोणाच्या डोक्यावर नव्हती?

चिठ्ठी आणि वही हे एकाच गतीनें चालणारे तारे होत, यांत आम्हांला शंका उरली नाहीं. टोपी आणि पास हे टोकांचे उपरे. पण लगेच आमचें मन नवी आकृति काढूं लागलें: बहिणीच्या औषधाचें देणें फेडण्यासाठीं भाऊ घर सोडून जातो. हीहि किती सुरेख! परंतु हातची नोकरी सोडून काका कोठें गेले, आणि देणें फिटल्यावर परत कां आले नाहींत, हें कोणत्याच कागदावर नाहीं. घरीं पैसे पाठविणारा तरुण दुसऱ्या कोणत्या कामांत नसेलच, असेंहि कोणाला म्हणतां येणार नाहीं.

खरी अडचण निराळीच होती. आत्याला हें सांगावें कीं नाहीं? ज्या अभिमानावर तिनें जन्म काढला तो तिच्यापासून काढून घ्यावयाचा, आणि त्याच्या जागीं, दादा गेला तो तुझ्या आजारापायीं, हें ओझें पंचाण्णवाव्या वर्षीं तिच्या माथीं ठेवावयाचें? मंडळाला तर आम्हीं, पुरावा अपुरा असल्यामुळें लेख देतां येत नाहीं, असें कळवून टाकलें. ट्रंक मात्र परत नेऊन देणें भाग होतें. नकाशावर बोरिवलीहून मुलुंडपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अगदीं आंखूड येते. पण ती राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून जाते, आणि आगगाडीनें जाणाऱ्यास दादरपर्यंत खालीं उतरून पुन्हां वर चढावें लागतें. त्या दिवशीं हा लांबचा रस्ता आम्हांला बराच वाटला. तरीहि मुलुंड आलें तेव्हां आमचा विचार ठरला नव्हता.

लेखाचें काय झालें, असें आत्यानें आपणच विचारलें. आम्ही चांचरत म्हणालों, "आत्या, त्या चिठ्ठीवर टिंब नाहीं."

"नाहींच आहे," ती म्हणाली. "रुपये, आणे, पै आहेत. डॉक्टरांचा कंपाउंडर दारांत उभा राहून सांगून गेला. मी अंथरुणांतून ऐकलं. दादानं तेव्हांच टिपून घेतलं."

"मग ही रेडिओची गोष्ट?"

"ती शेहेचाळीस सालची. रेडिओवाली मंडळी सुटली, पेपरांत सगळं छापून आलं. शेजारच्या मास्तरांनीं चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, अहो, हा तर त्या रेडिओचा आंकडा! तीन वर्षं दादाचं पत्र नव्हतं. आई पोटभर जेवली नव्हती रे. त्या रात्रीं ती जेवली. मी काय सांगणार होतें तिला? सोळा वर्षांची होतें मी."

"आणि पुढं आम्हांला?"

"तुम्ही विचारलंत कधीं? तुम्ही सगळे मलाच सांगत होतां."

यावर आम्हांला बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. जें ओझें तिच्या माथीं ठेवूं नये म्हणून आम्ही दादरमार्गें विचार करीत आलों होतों, तें ती बाराव्या वर्षापासून वाहत होती. चिठ्ठी भावाची आणि गोष्ट आईची, हें तिला पक्कें ठाऊक होतें. आईसाठीं तिनें ती गोष्ट मोडली नाहीं. पण आम्हीं नीट आठवून पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं तिनें ती स्वतःच्या तोंडानें कधीं सांगितलीहि नव्हती. सांगत होतों ते आम्ही.

थोड्या वेळानें तिनें आम्हांला ट्रंकेच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस काकांचें नांव लिहावयास सांगितलें. "माझ्या मागं ही तुझ्याकडे येईल. मुलांना कळायला हवं कुणाची तें." आम्हीं नांव लिहिलें, त्याखालीं ११ ऑगस्ट १९४२ ही तारीख घातली, आणि आणखी काय लिहूं म्हणून तिच्याकडे पाहिलें.

"आणखी काय ठाऊक आहे आपल्याला?" ती म्हणाली.

कान्हेरीच्या त्या पाहुण्यांची आम्हांला आठवण झाली, पण ती आम्हीं बोलून दाखविली नाहीं. चिठ्ठी होती तशी घडी घालून टोपीखालीं ठेवली आणि झांकण लावलें. रात्रीं घरीं पोंचलों तेव्हां वीज नीट चालू होती, आणि त्यामुळें आकाशांत कांहीं दिसत नव्हतें. नातवाच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं अद्याप दिलेलें नाहीं. येत्या ११ ऑगस्टला त्याला मुलुंडला घेऊन जाण्याचें ठरविलें आहे.